भाऊजींचा ठिपका

आमचे भाऊजी कुणाच्याही घरात शिरले की आधी माणसांकडे बघत नाहीत, भिंतीवरच्या बोर्डाकडे बघतात. एखादं बटण काळवंडलेलं दिसलं की समोर ठेवलेला चहा निवत बसतो आणि भाऊजी स्टुलावर चढलेले असतात. रिकाम्या खोलीत दिवा जळत असला तर घर कुणाचं का असेना, ते जाऊन बंद करून येतात. एकदा दवाखान्यात त्यांनी असाच एक दिवा बंद केला, तर पडद्यामागे तपासायला झोपवलेल्या म्हातारबुवांनी बोंब ठोकली.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. वायरमन आहेत. वय चव्वेचाळीस, लग्न केलं नाही. आमच्याच इमारतीच्या गच्चीवर एक खोली आहे, तिथे राहतात आणि दोन वेळा जेवायला खाली येतात. माझ्या यजमानांनी त्यांचं नाव ‘फ्यूज’ ठेवलंय. कारण एका क्षणात भडकतात आणि मग दोन दिवस घरात अंधार. कामावरही सगळे त्यांना फ्यूजच म्हणतात. भाऊजी म्हणणारी मी एकटी.

लग्न होऊन आले तेव्हापासून, म्हणजे बावीस वर्षं, मी रोज एक पान वही लिहिते. दिवसभरात काय झालं आणि देवाकडे कुणासाठी काय मागितलं, एवढंच. त्या वह्यांमध्ये भाऊजी जागोजागी आहेत. बहुतेक ठिकाणी त्यांची तक्रारच आहे. पण गेल्या वर्षीची वही काढली की त्यांच्याविषयी सलग लिहावंसं वाटतं, म्हणून हे लिहायला घेतलं.

भाऊजी खांबावर असे चढतात की बघणाऱ्याला तो जिना वाटावा. पण सुई म्हटली की पळ काढतात. हाताला खिळा लागला तेव्हा मुकादमाने त्यांना दंडाला धरून इंजेक्शनला नेलं होतं, आणि हे महाशय नर्सला म्हणाले, आधी मेन बंद करा. ही गोष्ट मुकादम अजून प्रत्येक नव्या माणसाला सांगतो.

यांना, म्हणजे माझ्या यजमानांना, रक्ताचा कर्करोग निघाला. पहिली औषधं लागू पडली, पण डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं की तेवढ्याने भागणार नाही. हाडांच्या पोकळीत रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी असतात. यांच्या त्या पेशी औषधांनी संपवायच्या आणि दुसऱ्या कुणाच्या तरी जुळत्या पेशी तिथे पेरायच्या. भावंडं दोनच, त्यामुळे भाऊजींचं रक्त तपासलं, आणि ते जुळलं. फोन आला तेव्हा भाऊजी कामावर होते. दुपारी जेवायला आले, मी सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, सुया किती. मी म्हटलं, पाच दिवस रोज सकाळी पोटात एक, त्याने मूळ पेशी हाडांतून रक्तात उतरतात. मग एक दिवस दोन्ही हातांत एकेक सुई लावून चार-पाच तास पडून राहायचं, त्या वेळात यंत्र रक्तातून त्या पेशी काढून घेतं. भाऊजींनी बोटांवर मोजलं, सात म्हणाले, आणि ताटाकडे वळले. होकार असा मिळाला.

पहिल्या दिवशी इंजेक्शनाच्या आधी आणखी एक बाई आल्या. जाड चष्मा, हातात नळ्यांचा ट्रे. त्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत संशोधन करत होत्या. पेशी देणाऱ्या माणसांचं थोडं रक्त त्यांना हवं होतं, इंजेक्शनं सुरू होण्याआधी एकदा, पाचव्या दिवशी एकदा आणि महिन्याने एकदा. म्हणजे आणखी तीन सुया. भाऊजींचा चेहरा पडला, पण त्यांनी कशासाठी म्हणून विचारलं. चष्मेवाल्या बाईंनी सांगितलं, की आपल्या रक्तात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात. प्रत्येक पेशीत जनुकांचा सगळा संच सारखाच असतो, पण सगळी जनुकं एकदम कामाला लागलेली नसतात. काही चालू, काही बंद, काही मंद. देणाऱ्याच्या लढाऊ पेशींत कुठली जनुकं किती जोरात चालू आहेत ते मोजायचं, आणि घेणाऱ्याला पुढे त्रास होणार का याचा त्यावरून आधी अंदाज येतो का ते बघायचं.

भाऊजी म्हणाले, “म्हणजे वायरिंग सगळ्या खोल्यांत एकच. कुठल्या खोलीत दिवा लागलाय ते तुम्ही बाहेरून बघणार.”

बाई हसल्या. म्हणाल्या, दोन वर्षं मी लोकांना हे समजावतेय, मला असं सांगता आलं नव्हतं. भाऊजींनी लगेच बाही वर केली. स्तुती केली की त्यांना सुईसुद्धा चालते, हे मला तेव्हा कळलं.

बाकीची इंजेक्शनं घरी घ्यायची होती. नर्सने मला टोचायला शिकवलं आणि बजावलं, की ही फ्रिजमध्येच राहिली पाहिजेत. मी ती स्टीलच्या डब्यात घालून दुधाच्या पातेल्यामागे ठेवली. रोज सकाळी आठला भाऊजी खाली यायचे, खुर्चीवर बसून डोळे मिटायचे. मी देवाचं नाव घेऊन सुई हातात घ्यायची, तोवर भाऊजी विचारायचे, झालं का. तिसऱ्या दिवसापासून त्यांची हाडं ठणकायला लागली. कंबर, मांड्या, छाती. तसं होतं हे आधीच सांगितलेलं होतं. मी म्हटलं, आज कामावर जायचं नाही, वर पडून राहा. आणि मी रुग्णालयात गेले, कारण यांना दाखल करून जोराची औषधं सुरू झाली होती. यांच्या स्वतःच्या मूळ पेशी त्या औषधांनी संपत चालल्या होत्या. आता माघार नव्हती.

त्या दिवसाच्या पानावर मी लिहिलंय: ‘घरी आले तर लाईट नुकतीच आलेली. विजेवरचं गजराचं घड्याळ पाच तास दहा मिनिटं मागे. फ्रिजमधला बर्फ वितळून फरशीवर पाणी. भाऊजी म्हणाले, तळमजल्यावर बोर्ड जळत होता म्हणून मेन काढला. पुसलं. यांना आज उलट्या कमी.’

पुढचं सगळं ठरल्याप्रमाणे झालं. शेवटची दोन इंजेक्शनं दिली, भाऊजींच्या दोन्ही हातांना सुया लागल्या, यंत्र साडेचार तास फिरलं. फिकट लाल पाण्यासारख्या द्रवाने एक पिशवी भरली. यांच्या खोलीत नर्सने ती टांगली तेव्हा मी काचेबाहेर हात जोडून उभी होते आणि भाऊजी पाठमोरे, बोर्डावरच्या एका सैल बटणाकडे बघत.

तीन आठवडे चांगले गेले. नव्या पेशी रुजल्या, आकडे चढायला लागले. मग एका सकाळी यांचे तळहात लाल दिसले. दोन दिवसांत छातीवर, पाठीवर पुरळ आलं, पोट बिघडलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मूळ पेशींबरोबर दुसऱ्याकडून आलेल्या लढाऊ पेशींना कधीकधी हे घर परकं वाटतं आणि त्या घरच्यांवरच हात उगारतात. औषध आहे, बहुतेकदा आटोक्यात येतं, पण काही वेळा वाढतं. किती वाढेल हे आज सांगता येत नाही.

भाऊजी माझ्या शेजारीच उभे होते. ते तसेच जिना उतरून गेले.

त्यानंतर ते रुग्णालयात आलेच नाहीत. जेवायला यायचे, अर्धी पोळी खाऊन उठायचे. स्वयंपाकघरात दिवसा दिवा चालू राहिला तरी लक्ष नाही. मी मुद्दाम एकदा दोन दिवे लावून ठेवले, तेही तसेच राहिले, तेव्हा मात्र मला भीती वाटली. हे काचेपलीकडून रोज विचारायचे, फ्यूज कुठाय. मी सांगायची, कामाचा फार रेटा आहे. वहीत त्या दिवसांत रोज शेवटी एक ओळ आहे, की देवा, आज पुन्हा खोटं बोलले.

आठवड्याने मुकादम घरी आला. कधी न येणारा माणूस, चपला काढून दारातच उभा. म्हणाला, वहिनी, काल हा टेस्टर न लावता तारेला हात घालत होता. लाईन चालू होती. मी खालून ओरडलो म्हणून हात थांबला. वीस वर्षांत त्याने असं केलेलं नाही. त्याच्या डोक्यात काय चाललंय ते कळेपर्यंत मी त्याला वर चढू देणार नाही.

दुपारी भाऊजी आले. मी वाढलं नाही. समोर बसले आणि म्हटलं, आधी बोला.

खूप वेळ त्यांनी बोर्डाकडे बघितलं. मग म्हणाले, “वहिनी, ती इंजेक्शनं खराब झाली होती. मीच केली.”

तिसऱ्या दिवशी हाडं ठणकत असताना ते वर पडले होते. तळमजल्यावरच्या शेजारणीने हाका मारल्या, बोर्डातून ठिणग्या उडत होत्या. ते उतरले, इमारतीचा मेन काढला. अर्ध्या तासाचं काम होतं. पण जळलेल्या भागाच्या जागी बसवायला दुसरा मिळेना, अंग साथ देईना, एकेक स्क्रू फिरवताना बसावं लागे. पाच तास गेले. मेन परत लावला आणि तेव्हा त्यांना फ्रिज आठवला. धावत वर आले, डबा उघडला. उरलेली दोन इंजेक्शनं हाताला गार लागली नाहीत. त्यांनी ती परत दुधामागे ठेवली.

मला का सांगितलं नाही, असं मी विचारलं.

“सांगितलं असतं तर थांबवलं असतं. आणि दादाचं सगळं आधीच काढून झालं होतं. त्याला थांबायला वेळ कुठे होता?” मग म्हणाले, “आता बिघडलेल्या औषधाने उठवलेल्या पेशी त्याच्या अंगात गेल्यात. मेन मी काढला, वहिनी. मला सवयच आहे ना सगळ्यांचे दिवे विझवायची.”

मी उठून वही आणली. ते पान काढलं. वेळ, बर्फ, पाणी, सगळं माझ्याच अक्षरात होतं. फ्रिज पाच तास बंद होता हे मी लिहिलं, फरशी पुसली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फ्रिजमधलं इंजेक्शन देवाचं नाव घेऊन टोचलं. डब्याचा विचार माझ्या मनात आला नव्हता. मी पान त्यांच्यापुढे सरकवलं आणि म्हटलं, हे दोघांनी मिळून केलंय, दोघं जाऊन सांगू. मग वाढलं. त्यांनी दीड पोळी खाल्ली.

जाण्याआधी देवापुढे बसले तर नेहमीचे शब्द येईनात. बावीस वर्षं मी मागत आलेय, त्या दिवशी काय मागावं ते सुचेना. तशीच उठले.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं, वहीतली वेळ बघितली. म्हणाल्या, हे औषध पाच तास बाहेर राहिल्याने बिघडत नाही. तुमच्या पेशी मोजल्या तेव्हा त्या भरपूर निघाल्या, तोच पुरावा आहे की औषध चाललं. पुरळाचा याच्याशी संबंध नाही. मग भाऊजींकडे वळून म्हणाल्या, की पण सांगायला हवं होतं, त्याच तासाला. त्यांचा आवाज चढला नाही, तरी आम्ही दोघं शाळेतल्या पोरांसारखे खाली बघत होतो.

बाहेर आल्यावर मी सुटकेचा श्वास सोडला. भाऊजींनी नाही.

“मी पण हेच सांगतो, वहिनी. आतली सगळी वायर जळालेली असली तरी समोरचं माणूस घाबरलेलं दिसलं की मी म्हणतो, किरकोळ आहे. डॉक्टर तरी दुसरं काय म्हणणार?”

ज्याने जन्मभर लोकांना धीर दिला, त्याला दिलेला धीर पटणार कसा? मी म्हटलं, मग तुम्हाला काय पटेल? तर म्हणाले, मीटर दाखवा, रीडिंग दाखवा.

दोन दिवसांनी महिन्याचं रक्त द्यायचं होतं. चष्मेवाल्या बाई नळ्या घेऊन बसल्या आणि भाऊजींनी बाही वर करायच्या आधीच विचारलं, की इंजेक्शनाने जे दिवे लागायला हवे होते ते माझ्यात लागले का, हे तुमच्या यंत्रात दिसतं का. बाई म्हणाल्या, दिसतं, पण आम्ही एकेकट्याला निकाल सांगत नाही, तशी पद्धत नाही. शिवाय सगळ्यांचे नमुने एकदम लावतो, त्याला अजून सहा आठवडे आहेत. मग मी बाईंना सांगितलं, की भाऊजी टेस्टर न लावता चालू तारेला हात घालत होते. बाईंनी चष्मा काढून पुसला. मोठ्या साहेबांना विचारते, एवढंच म्हणाल्या.

ते सहा आठवडे भाऊजी मुकादमाच्या हुकुमाने तक्रारींच्या फोनवर बसले. फोनवर त्यांचा हात काही बसेना. पलीकडून कुणी म्हणायचं, लाईट गेली. भाऊजी म्हणायचे, येतो, आणि पत्ता न विचारता फोन ठेवून द्यायचे. मुकादम म्हणाला, लवकर काहीतरी करा, अख्खं गाव अंधारात बसेल.

इकडे औषधाने यांचं पुरळ हळूहळू उतरलं. आधी पाठ, मग छाती, तळहातांची साल निघाली आणि खाली नवी कातडी दिसली. पोटही ठिकाणावर आलं. मी रोज भाऊजींना ताजी बातमी द्यायची. ते मान हलवायचे आणि म्हणायचे, ते औषधाचं काम आहे, माझा गुन्हा तिथेच आहे. आणि रुग्णालयाच्या दारापर्यंत येऊन परत फिरायचे.

सातव्या आठवड्यात बाईंचा फोन आला, दोघं या.

प्रयोगशाळा म्हणजे लांबट खोली, टेबलांवर पांढरी यंत्रं. भाऊजींनी शिरल्याबरोबर बोर्डाकडे बघितलं. किती दिवसांनी. बाईंनी साहेबांची परवानगी घेतली होती. पडद्यावर करड्या ठिपक्यांची गर्दी होती. म्हणाल्या, प्रत्येक ठिपका म्हणजे पेशी देणारा एकेक माणूस, नावं कुणाचीच नाहीत. डावीकडे इंजेक्शनांच्या आधीचे, मधे पाचव्या दिवसाचे, उजवीकडे महिन्यानंतरचे. या औषधाने जी जनुकं जागी होतात ती किती जागी झाली, तेवढा ठिपका वर. डावीकडचे सगळे खाली होते, मधले सगळे वर चढलेले, उजवीकडचे परत खाली.

“आता तुमचे तीन रंगवते,” बाई म्हणाल्या.

तीन लाल ठिपके उमटले. भाऊजी पडद्याजवळ गेले. पहिल्यावर बोट ठेवलं, मग मधल्यावर. तो वर होता. सगळ्यात वर नाही, सगळ्यात खाली नाही, बाकीच्यांच्या दाटीत मधोमध. मग तिसऱ्यावर, तो उतरलेला.

“मी या सगळ्यांसारखाच?”

“सगळ्यांसारखेच. औषध बिघडलं असतं तर हा मधला ठिपका इथे चढलाच नसता.”

भाऊजींनी विचारलं, की मग दादाला पुरळ का आलं. बाईंनी सरळ सांगितलं, माहीत नाही. सख्ख्या भावाच्या पेशी मिळालेल्यांनाही पुष्कळदा येतं. यातल्या कितीतरी ठिपक्यांच्या माणसांना आलं, कितींना नाही. कळत असतं तर मी इथे कशाला बसले असते. आणि हेही म्हणाल्या, की अशा लढाऊ पेशी पुरळ उठवतात तशाच लपून राहिलेल्या वाईट पेशींनाही शोधून काढतात. थोडं भांडखोर रक्त वाईट नसतं.

भाऊजींनी बोट पडद्यावरून काढलं. खिशातून रुमाल काढून पडद्यावरचा बोटाचा डाग पुसला, आणि मग त्याच रुमालाने डोळे. मी खिडकीकडे बघितलं. मनात म्हटलं, देवा, मला मागता आलं नव्हतं, तरी तू दिलंस.

तिथून भाऊजी थेट यांच्या खोलीत गेले. आता आत जायची परवानगी होती, तोंडाला कापड बांधून. उभ्याउभ्याच त्यांनी सगळं सांगून टाकलं, मेन, पाच तास, डबा, दूध. हे उशीला टेकून ऐकत होते. सगळं संपल्यावर म्हणाले, “आठवीत असताना तू माझा रेडिओ खोललास, तो अजून जोडला नाहीस. त्याबद्दल मी तुला काय केलं?”

“त्याचा एक भाग मिळत नाही,” भाऊजी म्हणाले.

“मग बस खाली. कुठे होतास इतके दिवस?”

भाऊजी बसले. पाच मिनिटांत पंख्याचा वेग किती असावा यावरून दोघांचं वाजलं. मी बाहेर बाकावर बसून ऐकत होते. त्या आवाजासारखं गोड मी पुष्कळ दिवसांत काही ऐकलं नव्हतं.

हे घरी येऊन आता आठ महिने झाले. दोघा भावांचे रक्तगट वेगळे होते, आता यांचा भाऊजींचा झालाय. यांना राग आला की मी म्हणते, कळलं कुठून आला. पुढच्या तपासण्या आहेतच, पण गेल्या तीन स्वच्छ आल्या. मुकादमाने भाऊजींना पुन्हा वर चढू दिलं, आणि पहिल्या दिवशी ते टेस्टर लावतात का हे बघायला स्वतः खाली उभा राहिला. त्यांनी दोनदा लावला, एकदा तारेसाठी आणि एकदा मुकादमासाठी.

खालच्या मेन स्विचवर भाऊजींनी एक पाटी चिकटवलीय: ‘बंद करण्यापूर्वी वहिनींना विचारणे.’ शेजारीपाजारी हसतात. आज सकाळीच तळमजल्यावर काहीतरी काम निघालं. मी भाजी चिरत होते, खालून हाक आली.

“वहिनी, फ्रिजमध्ये काय आहे?”

“दूध आणि अर्धा भोपळा,” मी ओरडून सांगितलं.

मग खालून आवाज आला, “बरं, मग काढतो.” आणि पंखा थांबला.